सहा जणांतली मन्नूबिया

मुरंबा मीच केला होता. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

जानेवारीत ट्यूनिसजवळच्या आमच्या नाबेल गावच्या रस्त्यांवर कडू नारिंगं पिकून गळायला लागतात. घरोघरी मुरंबा होतो, आमच्याकडेही चाळीस वर्षं होत होता. तो माझी बायको मन्नूबिया करायची आणि मी खायचो. मी तांबट. अर्क काढायच्या हंड्यांना ठोके द्यायचे, कल्हई लावायची, एवढंच मला येतं. पण त्या जानेवारीत ती दहा मिनिटंसुद्धा उभी राहू शकत नव्हती. दम लागायचा, मग खोकला, मग रुमालाला तांबूस डाग. म्हणून खुर्ची स्वयंपाकघरात आणली, तिच्या पायांवर घोंगडी टाकली, आणि ती तिथून हुकूम सोडायला लागली.

"अरे माणसा, किसायचं म्हणजे वरवर किसायचं. तू तर हंडा घासल्यासारखा घासतोयस."

"मग तूच ये आणि घास."

"आले असते तर तुला हात लावू दिला असता का?"

सालं वरवर किसली, फळं चार फोडी करून पाण्यात टाकली, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं. पाचव्या दिवशी तिने एक फोड चावून बघितली आणि म्हणाली, अजून आहे. पुन्हा पाणी. एकूण बारा वेळा बदललं. कडूपणा पाण्याबरोबर जातो, तो गेला की फळ गरीब होतं, मग साखर घालायची, असं तिची आई सांगायची. शेवटी पाक झाला. रंग बरा आला. तिने बोट बुडवून चाटलं. मी विचारलं, कसाय? म्हणाली, "पहिल्यांदा करणाऱ्या माणसाच्या मानाने खाण्यालायक आहे."

तीन बरण्या झाल्या.

तिला फुफ्फुसाचा कॅन्सर होता. आयुष्यात तिने सिगरेट हातात धरली नव्हती. ट्यूनिसच्या मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला, तेव्हा तो हाडांपर्यंत पोचलेला होता. मी डॉक्टर लीलियांना बाहेर गाठलं आणि म्हटलं, तिला सांगू नका, छातीत पाणी झालंय म्हणा. आमच्याकडे सगळे असंच करतात. डॉक्टरीणबाईंनी माझं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, साध्या उपचारात मी गप्प बसले असते कदाचित. पण मला त्यांना नव्या औषधांच्या एका चाचणीत घ्यायचंय. त्याच्या कागदावर सही त्यांची लागते, तुमची नाही. आणि काय आहे ते कळल्याशिवाय माणूस सही कशी करणार?"

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तेवढं लिहितो. तिच्या गाठीत एक बिघाड सापडला होता. त्या बिघाडावरच नेमकी बसणारी एक गोळी होती. दुसरं एक औषध होतं, ते सलाईनमधून द्यायचं. ते गाठीला हात लावत नाही. अंगातले जे राखणदार झोपलेत त्यांना जागं करतं. दोन्ही औषधं वेगवेगळी देऊन झालेली होती. दोन्ही एकत्र दिली तर जास्त उपयोग होईल असं त्यांना वाटत होतं. पण एकत्र दिल्यावर लिव्हर किती सोसेल, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून एका मात्रेला सहा माणसं. सहांपैकी एकाचं लिव्हर बिघडलं तर चालवून घ्यायचं. दोघांचं बिघडलं तर ती मात्रा सोडून खाली उतरायचं.

मी आत जाऊन मन्नूबियाला सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला तिने माझ्या हातावर हात ठेवला. "शेदली, पुरे. मला माहितीये. माझ्या बहिणीने तिकडे रडून रडून डोळे सुजवलेत, तू आठवडाभर माझ्याशी एकदाही भांडला नाहीस. एवढं न कळायला मी काय दगड आहे?"

मग सही. नर्स वहीदा संमतीपत्र वाचायला बसली. बावीस पानं. ही वहीदा दक्षिणेकडची, गाफ्सा गावची. चांगली पोरगी, वाचताना मध्ये थांबून विचारायची, समजलं का? आठव्या पानावर काय खायचं नाही त्याची यादी होती. दोन-चार जडीबुटींची नावं, पपनसासारखं ते मोठं फळ, आणि कडू नारिंग.

मी हसलो. म्हटलं, "कडू नारिंग? अगं पोरी, आमच्या गावात गाढवसुद्धा ते तोंडात धरत नाही."

मन्नूबिया म्हणाली, "गाढव धरत नाही, पण ह्याने आमच्या लग्नात पैज लावून चावलं होतं. तीन दिवस तोंड वाकडं."

वहीदा इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मग तिने पान उलटलं.

आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात मुरंबा आला नाही. बरण्या फडताळात होत्या. आमच्या लेखी तो नारिंग नव्हता, मुरंबा होता. नारिंग कोणी खात नाही. हे सगळं मला आता सुचतंय.

वहीदाने तिला नंबर दिला. शून्य-सात; आधीचे सहा नंबर खालच्या मात्रेच्या सहांना गेले होते. त्या नंबराची एवढी खुशी का झाली, ते सांगायला हवं. मन्नूबियाच्या आधी तिच्या आईबापांना एक मुलगी झाली होती, तिचंही नाव मन्नूबिया. ती वर्षाची होऊन गेली. मग ही जन्मली. बापाला पुन्हा डोंगर उतरून कचेरीत जायचा कंटाळा आला, त्याने मेलेल्या मुलीचाच कागद हिला लावून टाकला. नाव तेच, जन्मतारीख तीच. शाळा, लग्न, मतदान, सगळं त्या कागदावर. ती चेष्टेत म्हणायची, मी मेले तर सरकारला कळणार नाही, त्यांची मन्नूबिया कधीच गेली.

लुआजमधून, म्हणजे माणसं भरून निघणाऱ्या टॅक्सीतून, घरी परत येताना तिने तो नंबर लिहिलेलं कार्ड हातातच धरलं होतं. म्हणाली, "हा तरी माझ्या एकटीचा. सहा माणसं मोजणार, त्यातली एक मी. नीट मोजू देत."

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी पहिलं सलाईन आणि पहिली गोळी. गोळी सकाळी आठला, काहीतरी खाऊन. तिला काहीच खायला नको असायचं. अंडं नको, भाजक्या पिठाचा ब्सीसा नको, सूप नको. ताबूनाच्या, मातीच्या भट्टीतल्या गरम रोटीला मुरंबा लावला की मात्र तेवढं खायची. मी रोज दोन चमचे लावायचो, काठापर्यंत. मला बरं वाटायचं. आयुष्यभर तिने मला खाऊ घातलं, आता माझ्या हातचं ती खातेय, असं वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात खोकला कमी झाला. जिना एका दमात चढली. शेजारणीला वरून ओरडून सांगितलं, ऐकलंस का, चढले! मी खाली दुकानात होतो. हंडा सोडून उठलो, पण वर गेलो नाही. मला रडू येत होतं.

तिसऱ्या आठवड्यात डोळे पिवळे झाले.

नऊ दिवस हॉस्पिटलात. लिव्हरचे आकडे कुठल्या कुठे गेले होते. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही औषधं बंद केली, स्टेरॉइड चालू केलं. मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, खरं सांगा. जडीबुटीवाल्या अत्ताराकडून काही आणलं? काढा, मध, कसली पावडर? कोणी बाईने काही दिलं?"

मी म्हटलं, कुराणाची शपथ, काही नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ते खरं होतं.

आकडे खाली आले. पण चाचणीच्या नियमाप्रमाणे एवढं लिव्हर बिघडलेल्या माणसाला ती औषधं पुन्हा देता येत नव्हती. साधी केमो दिली. दोनदा घेतली, मग ती म्हणाली, बास. हॉस्पिटलातून आल्यावर तोंडाची चव गेली होती, मुरंबा पुढे केला तर तिने तोंड फिरवलं. एप्रिलमध्ये नारिंगाला फुलं आली, गल्लीगल्लीत अर्काच्या भट्ट्या लागल्या, मला सात हंडे दुरुस्तीला आले. ती खिडकीत बसून वास घ्यायची. म्हणाली, वास येतोय म्हणजे अजून आहे मी. जूनच्या अकरा तारखेला गेली. सकाळी, मी रोटी आणायला गेलो होतो तेव्हा.

त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही.

तिचा चाळिसावा दिवस झाला. वहीदाचा दोनदा फोन येऊन गेला होता, उरलेल्या गोळ्या परत द्याव्या लागतात, एकही टाकू नका. जुलैच्या शेवटी मी गोळ्यांचं खोकं आणि रक्तदाब मोजायचं यंत्र पिशवीत घालून ट्यूनिसला गेलो. बाकावर बसलो. पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं. आत वहीदा कोणाला तरी संमतीपत्र वाचून दाखवत होती. हम्मामेतची एक बाई होती, शल्बिया नावाची, पन्नाशीतली, सोबत मुलगा. आवाज तोच, मध्ये थांबून विचारणं तेच. समजलं का? मी कान दिला नव्हता, पण आठवं पान आलं तेव्हा मला कळलं.

"आणि कडू नारिंग."

"अगं, पण मुरंबा?" ती बाई म्हणाली. "आम्ही तर दर वर्षी करतो. तो चालेल ना? तो काय नारिंग नव्हे."

"थांबा हं, विचारून येते," वहीदा म्हणाली. माझ्या समोरून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली, परत आली. जाताना मला बघून हसली, हात हलवला. मग आतून आवाज आला, "नाही, मुरंबाही नाही. जे आहे ते सालीत असतं, शिजवून जात नाही. त्याने गोळी अंगात साठत राहते. एक घेतली तरी दोन-तीन घेतल्यासारखी होते."

"अरे देवा," ती बाई म्हणाली, "बरं झालं विचारलं."

मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. कोणी तरी सरका म्हणालं, मी सरकलो.

डॉक्टर लीलियांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, कॉफी मागवली. मन्नूबियाचं नाव घेऊन चांगलं बोलल्या. मी विचारलं, चाचणी कशी चाललीये? त्या म्हणाल्या, "ह्या मात्रेला दोघांची लिव्हर बिघडली, काका. एक तुमच्या मंडळी. त्यामुळे खाली उतरावं लागतंय. गुरुवारी बैठक आहे, त्यात ठरेल."

"खालच्या मात्रेने गुण येतो का?"

त्यांनी कॉफीचा कप फिरवला. "आधी खालच्या मात्रेलाच होतो आम्ही. तेव्हा कोणाचीच गाठ फारशी हलली नव्हती. तुमच्या मन्नूबियाबाई जिना चढल्या होत्या, ते मी विसरलेले नाही."

मी बोलायला तोंड उघडलं आणि कॉफी छान आहे असं म्हणालो. गोळ्या मोजून दिल्या, सही केली, घरी आलो.

फडताळात अर्धी बरणी होती. मन्नूबियाची मोठी बहीण सालहा संध्याकाळी भाजी घेऊन येते, तशी आली. मी टेबलावर बरणी ठेवून बसलेला बघून तिने दिवा लावला.

"काय झालं? जेवला नाहीस?"

मी तिला सगळं सांगितलं. ती उभीच होती, मग बसली.

"वेड लागलंय तुला," ती म्हणाली. "ह्याच मुरंब्याची एक बरणी मी संपवली. माझ्याकडे बघ. पिवळी झाले का मी?"

"तू त्या गोळ्या घेत नव्हतीस, सालहा."

"आणि डॉक्टरांना सांगून काय होणार? तिचं लिव्हर परत देणारेत? उद्या म्हणतील, नवऱ्यानेच मारली. गावात पसरेल. तू दुकान उघडून बसणार कसा?"

"म्हणू देत."

"तू तिला मारलं नाहीस!" ती ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू तिला भरवलंस. मी बघितलंय. माझ्या बापाने माझ्या आईला कधी पाण्याचा पेला दिला नाही."

मी म्हटलं, ते मला माहीत आहे. पण त्या सहांच्या हिशोबात मन्नूबिया चुकीची मोजली गेलीये. तिच्या नावाने औषधाला दोष लागलाय, तो औषधाचा नसेल. आणि ती हम्मामेतची बाई गुण न येणारी खालची मात्रा घेऊन बसणार.

"मग सांगितलंस तर ती मोजलीच जाणार नाही," सालहा म्हणाली. "एवढं तरी तुला कळतं का? काढून टाकतील तिला. आधीच बापाने दुसरीच्या कागदावर जगवली, आता तू ह्याही कागदावरून खोडायला निघालास."

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सालहा गेल्यावर मी मन्नूबियाची तसबीर भिंतीवरून उतरवली. नंबराचं कार्ड तिच्या मागे खोचलेलं होतं. नीट मोजू देत, असं ती म्हणाली होती. त्या दोन शब्दांतला कुठला धरायचा, मला समजेना. मोजणं धरलं तर गप्प बसायचं होतं. मला वाटतं ती नीट ह्या शब्दाची बाई होती. फोड चावून बघणारी. अजून आहे म्हणून पुन्हा पाणी बदलायला लावणारी.

बुधवारी सकाळच्या पहिल्या लुआजने मी गेलो. बरणी फडक्यात गुंडाळून मांडीवर.

डॉक्टर लीलियांच्या टेबलावर ती ठेवली आणि म्हटलं, "हे ती रोज खात होती. पहिल्या गोळीपासून तुम्ही भरती केलंत त्या दिवसापर्यंत. मी दिलं. तुम्ही अत्ताराचं विचारलंत, मी नाही म्हणालो. हे मला सुचलं नव्हतं."

त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला. चेहरा बदलला. "सालीसकट?"

"सालीसकट. बारा पाण्यांत भिजवून."

"किती?"

"दोन चमचे. मोठे. सकाळी आठला, गोळीबरोबर."

"एकही दिवस चुकला नाही?"

"एकही नाही. मीच भरवायचो."

त्यांनी सगळं कागदावर उतरवून घेतलं. मी विचारलं, "माझ्यामुळे झालं का?"

"काका, मी खोटं बोलणार नाही. हो असं मला सांगता येणार नाही. नाही असंही येणार नाही. सलाईनच्या औषधानेही लिव्हर असं बिघडतं. दोन्ही मिळून झालं असेल. आमच्याकडे तेव्हाचं रक्त गोठवून ठेवलंय, त्यात गोळी किती साठली होती ते मोजता येईल. तेवढं कळेल." मग म्हणाल्या, "आणि ते आठवं पान तुम्हाला आम्ही वाचून दाखवलं होतं. मुरंब्याचं तेव्हा आम्हीच विचारायला हवं होतं."

वहीदा दारात उभी होती. तिने बरणी बघितली आणि तोंडावर हात ठेवला. "गाढव," ती म्हणाली. "काका, तुम्ही गाढव म्हणालात आणि मी... मी पान उलटलं."

"तुझा काय दोष, पोरी," मी म्हटलं. तिला रडू आवरेना, शेवटी मीच तिला पाणी दिलं.

मी विचारलं, "आता तिला सहांतून काढणार?"

"उद्याची बैठक रक्ताचा निकाल येईपर्यंत पुढे ढकलते. तसं निघालं, तर तेच ठरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांच्या जागी दुसरं कोणी येईल. त्यांची माहिती फाडून टाकत नाही आम्ही, काका. राहते. फक्त त्या मोजणीत धरत नाही."

मी बरं म्हटलं आणि उठलो. बरणी त्यांनी ठेवून घेतली.

सप्टेंबरच्या अखेरीस वहीदाचा फोन आला. मी दुकानात होतो, शेजारणीच्या हंड्याला कल्हई चालली होती, हात काळे, कोपराने फोन कानाशी धरला. ती म्हणाली, "काका, डॉक्टरांनी मला एवढंच सांगायला परवानगी दिलीये. रक्तात गोळी जवळजवळ तिप्पट होती. शून्य-सात मोजणीतून बाजूला काढलाय. मात्रा खाली गेली नाही. दुसरी व्यक्ती घेतलीये."

कोण, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तिप्पट. मी तो शब्द मनात धरून उभा राहिलो. भट्टीतला कोळसा विझत होता, तो फुंकायला हवा होता.

"काका, आहात का?"

"आहे."

"अजून एक आहे. संमतीपत्र नवीन छापलंय. आठवं पान बदललंय. वाचून दाखवू?"

"वाच."

तिने आपल्या त्या सावकाश आवाजात वाचलं. "कडू नारिंग कोणत्याही रूपात खाऊ नये. कच्चं, शिजवलेलं, रस, साल, किंवा घरी केलेला मुरंबा, कितीही वेळा पाणी बदलून भिजवलेला असला तरी."

"तो शेवटचा भाग कोणी लिहिला?"

"डॉक्टर लीलियांनी. वरचे लोक भांडले, एवढं कशाला लिहायचं म्हणाले. त्यांनी काढू दिलं नाही."

"तिचं नाव नाही ना कुठे?"

"नावं नसतात, काका."

"माहितीये," मी म्हटलं. "पुन्हा एकदा वाच."

तिने वाचलं. ह्या वेळी शेवटी थांबून विचारलं, समजलं का? मी समजलं म्हणालो. मग फोन ठेवला, भाता ओढला, आणि हंडा पुन्हा निखाऱ्यावर धरला.